एकीच्या नावाचं मलम

मी मलमाची ट्यूब बोलतेय. तीस ग्रॅमची, पांढरी, कधीकाळी गुळगुळीत. आता शेपटीकडून गुंडाळत आणलेली, चपटी. पोटात मलमाचा थेंब नाही, पण संताप गच्च भरलाय, आणि तो बाहेर काढल्याशिवाय मला उकिरड्यावर जायचं नाही.

धोंडाबाईला वाटलं होतं, अंगावरचे चट्टे गेले की गल्लीतली माणसं आपल्याला जवळ करतील. चट्टे गेले. माणसांनी जवळ केलं ते मला.

माझा जन्म फार लांबचा, डोंगराकडच्या एका कारखान्यातला. तोंडाला फडकी बांधलेल्या मुली यंत्रापुढे उभ्या असत. यंत्रानं माझ्या पोटात मलम भरलं, शेपूट दाबून बंद केली आणि अंगावर एक लाल रेघ उमटवली. त्या रेघेचा मला फार अभिमान होता. तिचा अर्थ असा, की हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणी विकू नये, कुणी घेऊ नये. माझ्यात स्टेरॉइड आहे, तेही जहाल. मी थोडी लावली तर औषध आहे. भलतीकडे, भलत्या हातानं, भलते दिवस लावली तर मी कातडी खाते. हे मी लपवत नाही. माझ्या अंगावरच छापलेलं आहे, फक्त अक्षरं मुंगीएवढी आहेत आणि भाषा इंग्रजी. नांदेडकडच्या लोहा गावाजवळच्या खेड्यातल्या बाईच्या हातात द्यायच्या औषधावर तिला वाचता येईल असं एक वाक्य छापावं, हे कुणाला सुचू नये?

असो. एवढ्यावर थांबले तर पुढचं सांगायचं राहील.

धोंडाबाई त्याच खेड्यातली. वय साठीला टेकलेलं. नवरा किशनराव शेती बघतो. अठरा वर्षांपासून तिच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर लालसर जाड चट्टे होते आणि त्यांवर अभ्रकासारखे पांढरे खवले. या दुखण्याला सोरायसिस म्हणतात. अंगाची कातडी नको तितक्या घाईनं तयार होत राहते, म्हणून तिचे थर साचतात. ते शिवल्यानं लागत नाही. उष्टं खाल्ल्यानं लागत नाही. एका पाटावर बसल्यानं लागत नाही. गावात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि अठरा वर्षांत कुणी विचारायची तसदीही घेतली नव्हती.

उघडपणे तिला कुणी दूर केलं नाही. खेड्यातली माणसं तशी नसतात, ती फार हुशार असतात. उन्हाळ्यात वाळवणं सुरू झाली की गल्लीतल्या बायका आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी पापड लाटायला जमत. धोंडाबाईलाही बोलावणं असे. ती गेली की तिच्या हातात काठी देऊन तिला माळवदावर पाठवत, वाळत घातलेल्या पापडांवरचे कावळे हाकायला. "धोंडामावशीची नजर लई तेज," असं वर कौतुकही करत. खाली पोळपाटांवर बांगड्या वाजायच्या, चेष्टा चालायच्या, आणि वर ही बाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसायची. अठरा उन्हाळे तिनं कावळे हाकले. पिठाला बोट लावलं नाही.

यंदा मार्चात किशनराव तिला नांदेडला घेऊन गेला. डॉक्टर लेनमधल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं कोपर हातात घेतलं, तेही मोजे न घालता, आणि अंगठ्यानं खवले चाचपून बघितले. धोंडाबाई हात मागं ओढायला लागली. म्हणाली, "राहू द्या बाई, तुम्हाला लागंल." डॉक्टरीणबाईंनी हात सोडला नाही. हे लागत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. एवढ्या वर्षांत तिच्या कोपराला दुसऱ्याचा हात पहिल्यांदा लागला होता. धोंडाबाई रडली नाही, पण नंतर बराच वेळ तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकू गेलं नसावं. तिथंच पहिली माशी शिंकली.

कारण डॉक्टरीणबाई जे सांगत होत्या, ते महत्त्वाचं होतं. खालच्या दुकानातून मला मागवून त्यांनी माझं टोपण उघडलं आणि किशनरावाच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. रोज एकदाच लावायचं. फक्त कोपरं आणि गुडघे. तोंडाला नाही, काखेत नाही, जांघेत नाही. वर प्लास्टिक गुंडाळायचं नाही, खवले नखानं काढायचे नाहीत, लावून झालं की हात धुवायचे. चौदा दिवसांनी परत यायचं, मग डॉक्टरीणबाई दिवसाआड लावायला सांगतील आणि हळूहळू कमी करतील. शेवटी त्यांनी मला धोंडाबाईच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ मिटवली.

"मावशी, हे मलम तुमच्या एकटीच्या नावाचं आहे. मनानं बंद करायचं नाही, मनानं वाढवायचं नाही, आणि कुणी कितीही मागितलं तरी द्यायचं नाही."

"न्हाई देत," धोंडाबाई म्हणाली.

तिनं मला कमरेच्या चंचीत ठेवलं, सुपारी आणि अडकित्त्याच्या शेजारी. आठ दिवस तिनं माझी जशी निगा राखली, तशी आजवर माझ्या जातीच्या कुठल्याच ट्यूबची कुणी राखली नसेल. संध्याकाळी हातपाय धुऊन ती ओसरीवर बसायची, पेराएवढी रेघ काढायची, ओठ घट्ट मिटून हलक्या बोटानं चोळायची. चौथ्या दिवशी खवले झडले. आठव्या दिवशी कोपर नुसतं गुलाबी राहिलं. ती ते गालाला लावून बघायची. असा हात ज्यांचा नेहमीच असतो, त्यांना त्यात काय आहे ते कळायचं नाही.

नवव्या दिवशी समोरच्या उज्वलाकडे पापड होते.

धोंडाबाई काठी घेऊन माळवदावर बसली. उज्वला लाटलेल्या पापडांची परात घेऊन वर आली. कावळा हाकायला धोंडाबाईनं हात वर केला तशी तिची बाही मागं सरली, आणि उज्वलाची परात तिथंच थबकली.

"मावशी, कोपर बघू. काय लावून राहिल्या तुम्ही?"

धोंडाबाईनं मला चंचीतून काढून दाखवलं. लहान पोरानं बक्षीस दाखवावं तसं. उज्वला तिला हाताला धरून खाली घेऊन गेली. बायका गोळा झाल्या, मला उलटंसुलटं करून बघितलं, वास घेतला. उज्वलाची मुलगी तनुजा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, कोपऱ्यात लाट्या करत होती. तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे फिकट तपकिरी डाग होते. पाच-सहा आठवड्यांनी लातूरचे पाहुणे तिच्या साखरपुड्याला येणार होते. उज्वला म्हणाली, जरासं द्या की मावशी, पोरीच्या तोंडाला लावून बघते.

चंचीच्या बंदावर धोंडाबाईचा हात थांबला. मला तो थांबलेला कळला. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला आठवलं होतं, हे मी शपथेवर सांगते. ती "न्हाई" म्हणणार होती.

तेवढ्यात कोंडाबाई नावाची जाडजूड शेजारीण बाजूला सरकली, मोकळ्या जागेत एक पोळपाट सरकवलं आणि म्हणाली, "बसा मावशी. तुम्ही बी लाटा दोन-चार. किती दिस वर बसनार?"

धोंडाबाई बसली. आणि तिनं मला दिलं.

तिचा मला राग आहे. पण अठरा वर्षं जिला पिठाला हात लावू दिला नाही, तिला पोळपाट दाखवून तिचं औषध काढून घेणाऱ्यांचा राग त्याहून मोठा आहे. त्यांना तसं करायचं नव्हतं, त्यांच्या मनात कपट नव्हतं, हे खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त चीड आणणारं आहे.

त्या दुपारी माझं पोट निम्मं झालं. उज्वलानं वाटीत घेतलं. कोंडाबाईनं कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरून घेतलं, नवऱ्याच्या जांघेत नायटा होता म्हणून. नायट्याला माझ्यासारखं मलम म्हणजे आगीला तेल. खाज थांबते आणि बुरशी खुशाल पसरते. एकीनं टाचेच्या भेगांना घेतलं, एकीनं डास चावलेल्या जागेला. पुढचे तीन-चार दिवस कुणी ना कुणी दारात यायचं. "धोंडामाय, तुमचं ते मलम." धोंडाबाई हसून चंची सोडायची. तिच्या हातचा चहा पिऊन बाया जायच्या. मी रिकामी होत होते आणि ती भरून येत होती.

बाराव्या दिवशी मी संपले. तिच्या कोपरांना काही उरलं नाही. चट्टे तर गेलेत, मग नांदेडला जायचं कशाला, असं ती किशनरावाला म्हणाली. खरं कारण वेगळं होतं. रिकामी ट्यूब डॉक्टरीणबाईंना दाखवायची कशी?

उज्वलाला मात्र मी संपल्याची अडचण आली नाही. तिनं माझ्या खोक्याची नाव छापलेली बाजू कात्रीनं कापून पर्समध्ये ठेवली होती. आपल्याकडे हीच चिठ्ठी. एकाला गुण आला की खोक्याचा तुकडा गावभर फिरतो, डॉक्टर कशाला लागतो? ती धोंडाबाईला सोबत घेऊन लोह्याला बजरंगच्या मेडिकलवर गेली. मी चंचीत होते, सगळं ऐकलं. खोक्याचा तुकडा बघून बजरंगनं कुणाचं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही, कुठं लावणार ते विचारलं नाही. धोंडाबाईच म्हणाली, बाबा, डॉक्टरनी चिठ्ठी लागते म्हनलं होतं.

बजरंग हसला. "मावशी, मलम हाय हे, इंजेक्शन थोडंच हाय? तोंडाला लावायला पोरी हेच नेतात. गोरं बी होतं यानं."

माझ्याच पाठच्या दोन बहिणी त्यानं काउंटरवर ठेवल्या. दोघींच्या अंगावर लाल रेघ होती. त्यानं ती अंगठ्यानं झाकली असती तर निदान त्याला लाज आहे असं म्हटलं असतं. त्यानं झाकलीही नाही. दुकानात भिंतीवर फार्मसीचं शिक्षण घेतलेल्या कुणाचं तरी प्रमाणपत्र टांगलेलं होतं, तो माणूस मात्र मला तिथं कधी दिसला नाही. ज्यानं औषध समजावून सांगायचं तोच हजर नाही, आणि जो हजर आहे तो साबण विकावा तशी स्टेरॉइडं विकतो. याला धंदा म्हणतात. मी याला काय म्हणते ते इथं लिहिता येणार नाही.

पहिले दहा दिवस तनुजाचं तोंड उजळ दिसलं. हीच तर माझी खोड. आधी मी गोड बोलते. गल्लीत कौतुक झालं, अजून दोघींनी खोक्याचा तुकडा मागून नेला. मग तनुजाच्या गालांवर बारीक पुळ्या आल्या, कातडी पातळ होऊन खालच्या लाल शिरा दिसायला लागल्या, ओठांवर लव वाढली. "आई, उन्हात गेलं की तोंड पेटतं," असं ती म्हणायची. उज्वलानं घाबरून दोन दिवस मलम बंद केलं, तर तोंड आणखी लाल झालं, सालं निघायला लागली. परत लावलं की निवायचं. म्हणून ती परत लावायची, रोज दोनदा. बंद केलं की पेट, लावलं की गार. या फेऱ्यात एकदा माणूस सापडला की डॉक्टरशिवाय सुटका नाही.

इकडे धोंडाबाईच्या कोपरांनीही उचल खाल्ली. औषध एकदम तोडल्यावर चट्टे परतले ते दुप्पट रागानं, लालभडक, पूर्वी नव्हते तिथं, पोटरीवरसुद्धा. ती लांब हाताचं पोलकं घालून घरात बसू लागली.

साखरपुड्याला आठ दिवस राहिले होते. भर दुपारी उज्वला धोंडाबाईच्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. मी चंचीत होते, चंची खुंटीला.

"दाखवा हात," ती म्हणाली.

धोंडाबाईनं बाही वर केली.

"बघा. तुमचंच लागलं माझ्या पोरीला. त्या ट्यूबला तुमची बोटं लागलेली." तिचा आवाज चढला नाही, तो फाटला. "अठरा वर्सं जपून होतो आम्ही मावशी. एक दिस पाटावर बसवलं, अन् माझ्या पोरीचं तोंड गेलं."

खुंटीवर लोंबकळत मी ओरडत होते. अगं, तिचा रोग नाही गं! मी आहे ती, मी! तुझ्या पर्समधल्या तुकड्यानं आणलेली, तुझ्याच हातानं चोळलेली मी! पण ट्यूबला तोंड असतं ते फक्त दाबल्यावर उघडायला. उज्वला गेली. जाताना, उद्यापासून तीनदा लावते आणि कसंही करून पोरीचं तोंड साखरपुड्यापर्यंत नीट करते, असं बोलून गेली. आणखी आठ दिवस दिवसातून तीनदा! त्या तोंडाचं काय झालं असतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

संध्याकाळी किशनरावानं नांदेडला फोन लावला. बायकोचे हात बघून तोच घाबरला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मलम एकदम सोडल्यानं चट्टे असे उसळतात, असं त्यांनी सांगितलं आणि सकाळीच यायला बजावलं. मग धोंडाबाईनं फोन हातात घेतला आणि हळूच विचारलं, तेच मलम एका पोरीच्या तोंडाला लावलंय, तिला माझा रोग लागला का?

पलीकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं. "तुमचा रोग कुणालाच लागत नाही, मावशी. तिचं तोंड मलमानं बिघडलंय. आता एक बोटसुद्धा जास्त लावू नका म्हणावं, आणि मनानं दुसरंही काही चोपडू नका. उद्याच तिला घेऊन या. लवकर आली तर तोंड सुधारेल, वेळ लागेल पण सुधारेल." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तिला मलम दिलं कुणी?"

धोंडाबाईनं फोन किशनरावाच्या हातात दिला.

नंतर किशनराव तिची समजूत घालत होता. त्याच्या मते तिनं काही बोलायचं कारण नव्हतं. पुढच्या ट्यूबा उज्वलानंच विकत आणल्या, विकल्या बजरंगनं. "तुझं नावच घिऊ नको. आधीच गाव बोलून राहिलंय. तू आपली हात दाखव अन् गप ये." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बजरंगवर तक्रार व्हायलाच हवी, आणि ती करायला किशनरावासारख्या चार माणसांनी तरी पुढं व्हायला हवं. पण धोंडाबाई गप्प राहिली असती तर उज्वलानं पोरीला नांदेडला कशाला नेलं असतं? शेजारणीचा रोग लागलाय, एवढी तिची खात्री झाली होती. तिला तर मलमच तारणहार वाटत होतं.

माझं आयुष्य संपलं. जायच्या आधी वाचणाऱ्यांना हात जोडून नाही, डोळे वटारून सांगते. चिठ्ठी बघितल्याशिवाय मला विकू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मला लावू नका. डॉक्टर दोन आठवडे म्हणाले तर दोन आठवडेच, बोटाचं पेर म्हणाले तर पेरच. थांबायचं तर त्यांना विचारून थांबा. गुण आला म्हणून मला साखरेसारखी वाटू नका. आणि एखाद्या बाईच्या कोपरावर चट्टे दिसले तर तिला माळवदावर पाठवू नका, कारण शेजारी बसवल्यानं तुमचं काही जाणार नाही. तिला वेळीच शेजारी बसवलं असतं तर तिनं मला कुणाला दिलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं, गल्लीतल्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. धोंडाबाईनं चंची कमरेला खोचली, गल्ली ओलांडली आणि उज्वलाच्या दारात जाऊन उभी राहिली. आत तनुजा भिंतीकडे तोंड करून बसली होती. नळावरच्या बायांनी हंडे खाली ठेवले. उज्वलानं दार ओढून घ्यायला हात घातला.

"लाव दार. पन आधी ऐक," धोंडाबाई म्हणाली. "माझं दुखनं लागून होत न्हाई. डॉक्टरीनबाई उघड्या हातानं धरते मला. तनूचं तोंड मलमानं गेलंय. अन् पहिलं मलम मी दिलं. देऊ नको म्हनून सांगितलेलं असताना दिलं. तुमच्यात बसायला मिळालं म्हनून दिलं."

उज्वलाचा हात दारावरच राहिला.

"साडेआठची गाडी हाय. माझ्या शेजारी बस, न्हाईतर लांब बस, पन पोरीला आन. मलम कुनी दिलं म्हनून काल फोनवर विचारलं बाईनं. मी बोलले न्हाई. आज तिच्या म्होरं बसून सांगनार हाय, अन् तूबी तिथं असायला पायजे."